एका मुठीत दोन घोडे

पहिल्या दिवशी मला घोड्यांजवळ फिरकूही दिलं नाही. जर्मनीतल्या वेस्टफालिया भागात, एका खेड्यात मी जोडघोड्यांची गाडी हाकायला शिकायला गेलो होतो. तबेल्याला लागून असलेल्या पडवीत माझ्यासमोर होती एक लाकडी चौकट. चौकटीवर कप्प्या, कप्प्यांवरून गेलेल्या दोऱ्या आणि दोऱ्यांच्या पलीकडच्या टोकांना लोंबणारी वजनं. अलीकडे चामड्याच्या दोन लांब वाद्या. समोर एक बाकडं. तिथे बसायचं, दोन्ही वाद्या डाव्या हातात धरायच्या आणि त्या आखूड करायच्या, सैल सोडायच्या, उजव्या हाताकडे द्यायच्या, परत घ्यायच्या. हे सगळं करताना वजनांना हिसका बसता कामा नये. वजन टणकन वर उडालं की समजायचं, खऱ्या घोड्याच्या हिरडीवर आत्ता घाव बसला असता.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीला टेकलेल्या. मनातल्या मनात मी त्यांना काकू म्हणू लागलो होतो. त्या माझ्या मागे उभ्या राहत. बोलत काहीच नसत, फक्त वजन उडालं की जिभेने ‘च्च’ करत. पाठ फिरवून शेजारच्या खुंटीवरचा साज पुसत असल्या तरी त्यांचा ‘च्च’ बरोबर वेळेवर यायचा. दोरी कप्पीवरून कशी सरकली, हे त्या आवाजावरून ओळखत.

जोडी हाकणं मला थोडंफार ठाऊक आहे, असा माझा समज होता. लहानपणी गावी आजोबांच्या शेजारी बसून मी बैलगाडीचे कासरे धरले होते. तिथे हिशेब सरळ असतो. डाव्या बैलाच्या वेसणीचा कासरा वेगळा, उजव्याचा वेगळा. डावा रेंगाळला तर डाव्याला बोलायचं, उजवा आडवा जायला लागला तर उजव्याला आवरायचं. दोन बैल, दोन संभाषणं. घोड्यांच्या जोडीतही असंच असणार, असं मी धरून चाललो होतो. तसं नाही, हे कळलं तेव्हा मी अक्षरशः उठून त्या वाद्या जमिनीवर पसरून बघायला लागलो.

गणित असं आहे. घोड्याच्या तोंडात कडियाळं असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कडी. दोन घोडे म्हणजे चार कड्या. गाडीवानाच्या हातात मात्र वाद्या दोनच. डावी वादी डाव्या घोड्याला आणि उजवी उजव्याला बांधली, तर डाव्या घोड्याला उजवीकडे वळायला कसं सांगणार? त्याच्या तोंडाची उजवी बाजू तर मोकळीच राहिली. चार वाद्या हातात घ्याव्यात, तर हात अडकून बसतात आणि चारही वाद्यांचा ताण सारखा ठेवणं फार अवघड जातं.

यावर काढलेली तोड इतकी साधी आहे की ती कुणाला सुचली असेल, याचंच नवल वाटतं. डावी वादी सरळ पुढे जाते आणि डाव्या घोड्याच्या डाव्या कडीला लागते. पण वाटेत, घोड्यांच्या पाठीच्या सुमाराला, तिच्यावर बकलाने आणखी एक वादी जोडलेली असते. ही दुसरी वादी तिरकी निघते, दोन घोड्यांमधली मोकळी जागा ओलांडते आणि उजव्या घोड्याच्या डाव्या कडीला जाऊन भिडते. उजवीकडे हेच, आरशात दिसावं तसं. उजवी वादी उजव्या घोड्याच्या उजव्या कडीला, आणि तिची तिरकी वादी डाव्या घोड्याच्या उजव्या कडीला. दोन तिरक्या वाद्या घोड्यांच्या मधोमध एकमेकींना छेदतात. वरून पाहिलं तर चामड्याची फुली दिसते.

आता डावी वादी जरा ओढून बघा. दोन्ही घोड्यांच्या तोंडाची डावी बाजू एकाच वेळी, एकाच मापाने ओढली जाते. डाव्या वादीचा अर्थ डावा घोडा असा नाहीच, तिचा अर्थ ‘डावीकडे’ एवढाच आहे. माझ्या मुठीतल्या वादीला घोडे वेगळे दिसतच नाहीत. ती एकच शब्द बोलते आणि तो दोन तोंडांत एकाच क्षणी पोचतो.

तिरकी वादी तिरकी जात असल्यामुळे तिला थोडं जास्त अंतर कापावं लागतं. म्हणून ती मुख्य वादीपेक्षा लांब हवी. किती लांब? 12 सेंटिमीटर. हे माप आज या पद्धतीने गाडी हाकणाऱ्यांना पाठ असतं आणि ते ज्याने पक्कं केलं त्याचं नाव बेनो फॉन आखेनबाख.

आखेनबाखचा जन्म 1861चा, ड्युसेलडॉर्फचा. वडील ओसवाल्ड आखेनबाख हे निसर्गचित्रांसाठी प्रसिद्ध असलेले चित्रकार. मुलाचं मन मात्र घोड्यांत. पॅरिसमध्ये एडविन हौलेट नावाचा एक इंग्रज कोचमन गाडी हाकण्याचे धडे देत असे. आखेनबाख त्याच्याकडे शिकला. मग आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला : घोड्याला कमीत कमी त्रास होईल आणि दोघांच्या वाट्याला सारखं काम येईल, अशा बेताने साज कसा बांधायचा आणि हात कसा चालवायचा? कैसर दुसऱ्या विल्हेल्मच्या बर्लिनमधल्या राजतबेल्यात त्याने कोचमन घडवले. 1909 साली कैसरने त्याला सरदारकी दिली, नावातला ‘फॉन’ तेव्हाचा. 1922 साली त्याचं पुस्तक आलं, 1936 साली तो वारला. हंगेरीत गाडी हाकण्याची वेगळी आणि जुनी परंपरा आहे आणि तिथले लोक तिचा सार्थ अभिमान बाळगतात. पण जर्मन खेड्यातल्या पडवीत लाकडी चौकटीसमोर बसलेला माणूस आखेनबाखच्याच हाताखाली शिकत असतो.

त्याच्या वाद्यांवर भोकं असतात. प्रत्येक मुख्य वादीवर 11, एकमेकांपासून 4 सेंटिमीटर अंतरावर. तिरक्या वादीचं बकल एरवी मधल्या, म्हणजे सहाव्या भोकात लावायचं. मग बाकीची दहा कशाला? कारण कुठलेही दोन घोडे सारखे नसतात.

मला मिळालेल्या जोडीची नावं मॅक्स आणि मोरित्स. विल्हेल्म बुशच्या 1865 सालच्या गोष्टीतली ही दोन वांड पोरं जर्मनीत शेंबड्या पोरालाही माहीत असतात. दोघेही गडद तपकिरी, एका उंचीचे, लांबून पाहिलं तर जुळे वाटावेत असे. डावीकडे मॅक्स, उजवीकडे मोरित्स. डाव्याला जर्मनमध्ये खोगिराचा घोडा म्हणतात आणि उजव्याला हाताचा. पूर्वी माणूस डाव्यावर बसून उजव्याला हाताने धरून न्यायचा, त्या काळातली ही नावं. स्वभावाने दोघे दोन टोकं. मोरित्स उतावळा. गाडी हलायच्या आधीच त्याची छाती पट्ट्यावर टेकलेली. मॅक्स शांत, आणि अशा शांत घोड्याला उतावळा जोडीदार मिळाला की तो लगेच ओळखतो : हा ओढतोच आहे, तर आपण नुसतं शेजारून चालावं.

बाहेरून हे दिसत नाही. दोघांची डोकी एका रेषेत, पावलं तालात, चित्र देखणं. काकूंनी मला डोक्यांवरून नजर काढून खाली बघायला लावलं. घोड्याच्या छातीपासून मागे गाडीपर्यंत चामड्याचे लांब पट्टे जातात, खरी ओढ त्यांच्यावर असते. मोरित्सचे पट्टे तारेसारखे ताठ होते. मॅक्सचे झोपाळ्यासारखे झोल खात होते. दोन घोड्यांच्या गाडीला प्रत्यक्षात एकच घोडा ओढत होता.

मोरित्सला जरा मागे धरायला हवं. मी उतरलो आणि सरळ उजव्या वादीवरच्या बकलाकडे हात नेला. मोरित्स उजवीकडे, म्हणून उजवी वादी. मागून ‘च्च’. क्षणभर थांबलो आणि मग डोक्यात प्रकाश पडला. मोरित्सच्या तोंडाच्या आतल्या बाजूला जाणारी तिरकी वादी जोडलेली आहे ती डाव्या वादीवर! उजव्या घोड्याची किल्ली डाव्या वादीवर आणि डाव्याची उजव्या वादीवर.

मग आम्ही डाव्या वादीवरचं बकल एक भोक मागे, गाडीकडे घेतलं. मोरित्सची आतली बाजू 4 सेंटिमीटर आखूड झाली. उजव्या वादीवरचं बकल एक भोक पुढे सरकवलं. मॅक्सची आतली बाजू 4 सेंटिमीटर लांब झाली. एवढ्यावर थांबलो असतो तर मोरित्सची मान आत वळली असती आणि मॅक्सची बाहेर. पण पेटीवर, म्हणजे गाडीवानाच्या बैठकीवर, बसल्यावर गाडीवान हातातली डावी वादी 2 सेंटिमीटर सोडतो आणि उजवी 2 सेंटिमीटर घेतो. आता हिशेब करा. मोरित्सची आतली वादी 4 आखूड झाली होती, त्यात 2 सुटले, उरले 2 आखूड. बाहेरची 2 आखूड. मॅक्सची आतली 4 लांब, त्यातले 2 गेले, उरले 2 लांब. बाहेरचीही 2 लांब. दोन्ही माना सरळच राहतात, आणि एक घोडा बोटभर मागे, दुसरा बोटभर पुढे येतो. मॅक्सला आता पट्ट्यावर छाती टेकवण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

चार सेंटिमीटरच्या एका भोकातून दोन जनावरांमधला न्याय होतो. चाबूक नाही, आरडाओरडा नाही. मी हे वहीत आकृती काढून तीनदा ताडून पाहिलं आणि तिन्ही वेळा तितकाच आनंद झाला.

हाताची गोष्ट आणखी वेगळी. दोन्ही वाद्या डाव्या मुठीत. डावी वादी तर्जनीवरून, उजवी मधल्या बोटाखालून, म्हणजे मधलं बोट आणि अनामिका यांच्यामधून. दोन वाद्यांमध्ये बरोबर दोन बोटांचं अंतर. अंगठा वर, पोटासमोर मूठ उभी. या धरणीत मनगट किंचित फिरवलं की एक वादी थोडी पुढे जाते, दुसरी थोडी मागे येते. सरळ रस्त्यावर एवढं पुरतं. उजवा हात पुढे येऊन वाद्या आखूड करतो, वळणाला मदत करतो आणि चाबूक सांभाळतो. गाडीवान पेटीवर उजवीकडे बसतो तोही याचसाठी, चाबकाचा हात मोकळा राहावा म्हणून.

चाबकाविषयी आपल्या मनात फार वाईट चित्र आहे आणि त्याला कारणंही आहेत. पण इथे चाबूक हा सवाराच्या पायाच्या जागी असतो. घोड्यावर बसलेला माणूस मांडीने, पोटरीने घोड्याशी बोलतो. गाडीवान तीन-चार हात मागे बसलेला, त्याला तो स्पर्श नाही. म्हणून चाबकाच्या टोकाचा हलका स्पर्श, खांद्यामागे, तोही एकाच घोड्याला आणि दुसऱ्याला न कळता. डोळ्यांवरच्या झापडांचं एक कारण हेच. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ 350 अंशांतलं दिसतं, म्हणजे मागून येणारं चाकही दिसतं आणि वर गेलेला हातही. मॅक्ससाठी उचललेला चाबूक मोरित्सला दिसला तर पळेल मोरित्स. काही गाडीवान झापडं लावत नाहीत, पण जोडीत ती फार उपयोगी पडतात.

डोळे झाकले तरी कान असतातच. घोड्याचे दोन कान एकमेकांवर अवलंबून नसतात, प्रत्येक कान जवळपास अर्धं वर्तुळ फिरतो. पेटीवर बसलं की पुढे चार कान दिसतात आणि शिकणाऱ्याने ते सतत वाचायचे. चारही पुढे : दोघांनाही समोर काहीतरी दिसलंय. एक मागे वळलेला : तो तुमच्याकडे लक्ष ठेवून आहे. म्हणून हाक मारायची ती आधी नाव घेऊन. ‘मॅक्स’ म्हटलं की मॅक्सचा कान वळतो, मग सांगायचं ते सांगायचं. नाव न घेता नुसता हुकूम सोडला तर तो उचलतो आधीच उतावळा असलेला घोडा.

आणि तोंड. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना रिकामी हिरडी असते. कडियाळं बसतं ते तिथे. निसर्गाने ही जागा लगामासाठी ठेवलेली नाही, माणसाने ती हेरली. पातळ कातडीखाली लगेच हाड. माझ्या मुठीपासून त्या हिरडीपर्यंत चार-साडेचार मीटर चामडं आहे, त्याचं स्वतःचं वजन आहे, आणि तरीही घोडा जीभ हलवतो ते बोटांना कळतं. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दचकलो होतो. पतंग उडवणाऱ्याला मांज्यातून वारा कळतो, तसं काहीसं.

यातली सगळ्यात अवघड शिकवण वळणाची. उजवीकडे वळायचं असेल तर मन म्हणतं, उजवी वादी ओढ. आखेनबाख म्हणतो, डावी सोड. बाहेरची वादी थोडी ढिली केली की बाहेरच्या घोड्याला पुढे जायला जागा मिळते, आणि आतल्या बाजूचा ताण होता तेवढाच असूनही आपोआप वळण सांगतो. ओढून वळवलं तर आतला घोडा थबकतो, गाडीचं ओझं रेंगाळतं आणि बाहेरच्याचं तोंड दुखतं. सोडून वळवलं तर बाहेरचा घोडा गाडी घेऊन वळणातून जातो.

बाहेरच्याला खरोखरच जास्त चालावं लागतं. किती, ते मोजण्यासारखं आहे. दोन घोड्यांच्या मध्यरेषांत साधारण एक मीटर अंतर धरू. काटकोनात वळताना बाहेरचा घोडा आतल्यापेक्षा सुमारे 1.57 मीटर जास्त चालतो. आणि वळण गल्लीतलं घट्ट असो की माळावरचं ऐसपैस, हा फरक तेवढाच राहतो! वर्तुळाच्या परिघाचं सूत्र मांडून बघा, त्रिज्या दोन्हीकडून वजा होऊन निघून जाते. फरक एवढाच की घट्ट वळणात हे दीड मीटर दोन-तीन पावलांत भरून काढावे लागतात, ऐसपैस वळणात वीस-पंचवीस पावलांत. म्हणून नवशिक्याला आधी मोठी वळणं देतात.

आपण म्हणतो घोडा गाडी ओढतो. जवळून पाहिलं तर तो ढकलतो. छातीवरच्या पट्ट्यात किंवा मानेभोवतीच्या जाड कॉलरमध्ये अंग लोटतो, आणि पट्टे ते लोटणं मागे गाडीपर्यंत नेतात. थांबवायचं कामही घोडेच करतात. दोघांच्या मधून गाडीचा लांब दांडा पुढे गेलेला असतो, त्याच्या टोकाला दोघांच्या कॉलरपासून आलेले पट्टे बांधलेले. उतारावर गाडी अंगावर येऊ लागली की घोडे मागे रेलतात आणि त्या पट्ट्यांनी दांडा अडवून धरतात. आजच्या गाड्यांना पायाचा ब्रेक असतो, पण दांड्याचं काम संपलेलं नाही. गाडीच्या पुढच्या चाकांना दिशा देतो तो दांडाच.

जुंपण्याचा क्रम मोडायचा नाही, यावर काकू फार कडक. आधी वाद्या लावायच्या, म्हणजे घोडा कधीही ताब्यात राहील. मग दांड्याचे पट्टे. मग ओढीचे पट्टे, बाहेरचा आधी, आतला नंतर. सोडताना नेमकं उलट. वाद्या हातात घेतल्याशिवाय गाडीवान पेटीवर चढत नाही, तो बसल्याशिवाय कुणी गाडीत बसत नाही. आणि घोडा गाडीला जुंपलेला असताना त्याच्या तोंडाचा साज कधी, कुठल्याही कारणाने काढायचा नाही. झापडं निघाली, मागे भलंमोठं काहीतरी चिकटलेलं दिसलं, तर जगातला सर्वांत गरीब घोडाही उधळेल.

ही विद्या किती जुनी? आज तुर्कस्तानात असलेल्या हत्तुशा या हित्ती राजधानीच्या उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्या. सुमारे 3400 वर्षांपूर्वीच्या. त्यात मितानी देशाच्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाने रथाच्या घोड्यांना तयार करण्याची दिनचर्या सांगितली आहे. सात महिन्यांच्या आसपासची, कधी किती पळवायचं, काय खायला द्यायचं, पाणी कधी पाजायचं, आंघोळ कधी, विश्रांती कधी. मजकूर हित्ती भाषेत आहे, पण घोड्यांच्या फेऱ्या सांगताना किक्कुली वेगळेच शब्द वापरतो : ऐकवर्तन, तेरवर्तन, पंझवर्तन, सत्तवर्तन, नवर्तन. एक, तीन, पाच, सात, नऊ! आणि वर्तन म्हणजे फेरा. भारतापासून हजारो मैलांवर, कुणा परक्या राजाच्या तबेल्यात, घोडे फिरवताना मोजलेले आकडे मराठी माणसाला आज न शिकता कळतात. त्या पाट्यांविषयी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला लवकर झोप आली नव्हती.

महाभारतातल्या नलाच्या कथेत तर या हाताचं मोल फार सुंदर आलं आहे. राज्य हरलेला, रूप पालटलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी असतो. विदर्भात दमयंतीचं पुन्हा स्वयंवर आहे असा निरोप येतो आणि एका दिवसात तिथे पोचायचं असतं. बाहुक बारीक दिसणारे घोडे निवडतो. राजा कुरकुरतो. रथ निघाल्यावर राजाचं उत्तरीय खाली पडतं, तो थांब म्हणतो, आणि बाहुक सांगतो की ते योजनभर मागे राहिलं. वाटेत राजा त्याला फाशांची विद्या देतो आणि बदल्यात मागतो अश्वहृदय, घोड्याचं मन जाणण्याची विद्या. पण माझा जीव अडकलाय तो पुढच्या प्रसंगात. रथ विदर्भाच्या राजधानीत शिरतो. दमयंतीने अजून कुणाला पाहिलेलं नाही. ती नुसता रथाचा घोष ऐकते आणि तिला वाटतं, हा नलच. पूर्वी मला ही कवीची कल्पना वाटायची. कप्पीच्या आवाजावरून माझी मूठ ओळखणाऱ्या काकूंच्या पुढ्यात बसल्यापासून तसं वाटत नाही.

आपल्या शहरांत पाहिलेली घोडागाडी मात्र वेगळी. मुंबईतल्या व्हिक्टोरिया बग्गीला बहुधा एकच घोडा असायचा. 2015 साली मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या हौशी फेऱ्यांच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. 2021पासून त्याच घाटाच्या विजेवरच्या गाड्या आल्या. घोड्यांचे हाल पाहता निकाल योग्य होता, असं मला मनापासून वाटतं. व्हिएन्नात मात्र 1693पासून भाड्याच्या घोडागाड्यांना परवाने दिले जातात. तिथली दोन घोड्यांची गाडी म्हणजे फियाकर. फियाकर हाकणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते, आणि पारा 35 अंशांवर गेला की घोड्यांना सुट्टी असते. एका घोड्याच्या गाडीचं तिथलं नाव आइनश्पेनर, आणि वर फेटलेल्या सायीचा जाड थर असलेली कॉफीही त्याच नावाने मागवतात.

सहाव्या दिवशी मी खऱ्या वाद्या घेऊन रस्त्यावर गेलो. काकू शेजारी, हाताची घडी घालून, नजर बाजूच्या शेतांवर. सकाळची वेळ, डांबरावर आठ नालांचा आवाज. सावकाश चालीत तो विस्कळीत असतो, दुडकीत जमून येतो. गावाबाहेर लिंडेनच्या मोठ्या झाडापाशी रस्ता उजवीकडे वळतो. मी मोरित्सचा कान पाहिला, मॅक्सचा पाहिला. उजवा हात पुढे नेला, डाव्या वादीवर ठेवला आणि बोटं सैल केली. चामडं बोटांतून घरंगळलं, हातभर नाही, चार बोटं. मॅक्सची मान हळूच लांबली. त्याच्या खांद्याने पट्टा पुढे नेला, दांडा फिरला, आणि त्यामागे चाकं, गाडी, आम्ही दोघं त्या झाडाभोवती फिरून गेलो. आवाजाचा ताल तुटला नव्हता. काकू शेतांकडेच बघत होत्या.

परत आल्यावर घोडे सोडले. आतले पट्टे आधी, बाहेरचे नंतर. साज उतरवण्याआधी काकू पुढे झाल्या आणि मोरित्सच्या छातीपट्ट्याखाली तळहात घातला. मग मॅक्सच्या. मग मला खूण केली आणि मीही घातला. दोन्हीकडे सारखंच ओलं होतं.